उंटाच्या चपला

भिंत हसली आणि बाईंचं पुढचं वाक्य हरवलं. भिंत म्हणजे वर्गातला बसड्रायव्हर. दिवसभर बस चालवून तो संध्याकाळी शिकायला यायचा, शेवटच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसायचा आणि वर्ग सुटला की उठून जायचा. मधल्या वेळात तो ब्रही काढत नसे, म्हणून बाकीच्यांनी त्याला ते नाव दिलं होतं आणि त्यानंही ते निमूट घेतलं होतं. बाई त्या परक्या भाषेत उंटाची गोष्ट सांगत होत्या. उंट चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद पडली आहे. उंट जिन्यावरून चढतो-उतरतो तेव्हा पायांचा एवढा आवाज होतो की खालच्या मजल्यावरची म्हातारी झोपेतून दचकून उठते. म्हणून उंट चपला आणायला दुकानात जातो. दुकानदार विचारतो, एक जोड देऊ? उंट मान खाली घालतो आणि आपल्या पायांकडे बघतो. इथे बाई फळ्यावर चार पाय काढणार होत्या, म्हणजे गंमत सगळ्यांच्या लक्षात आली असती. पण खडू फळ्याला टेकायच्या आतच मागच्या बाकावरून हसू फुटलं, पोटातून आलेलं, मालकालाही न आवरलेलं. मग नर्स हसली, मग दोघे स्वयंपाकी एकमेकांना कोपरानं ढोसत हसले, आणि चार पाय काढायचे राहूनच गेले.

बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वर्गाकडे पाठ असली की शिक्षकाला आपला चेहरा थोडा वेळ आपल्यापुरता ठेवता येतो. इतकी वर्षं त्या ही भाषा शिकवत होत्या. त्यांच्या वर्गात कधी हशा पिकला नव्हता असं नाही. कुणी क्रियापदाची वाट लावली की पिकायचा, आणि ज्यानं लावली तो कानापर्यंत लाल होऊन खाली बसायचा. पण त्या भाषेतल्याच एखाद्या गमतीला, कुणी अर्थ सांगितलेला नसताना, चित्र काढलेलं नसताना कुणी हसलंय, असं कधी झालं नव्हतं. ज्या माणसाला त्यांनी मनातल्या मनात केव्हाच नापास करून टाकलं होतं, त्याच्या पोटात ती भाषा गपचूप जाऊन बसली होती आणि आता तिथून हसत होती. बाईंना आनंद व्हायला हवा होता. झाली ती धडधड. कारण न बोलणारा आणखी एक माणूस त्यांच्या घरी खिडकीपाशी खुर्चीत बसलेला होता, आणि त्याच्याही नावापुढे त्या रोज संध्याकाळी तसाच एक शेरा मारत होत्या.

गोष्टी सांगायची ही कल्पना बाईंची नव्हती. नव्या संचालिका आल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं की क्रियापदांचे तक्ते घोकून घेणं बंद. विद्यार्थ्यांना समजेल असं बोला, ऐकत राहावंसं वाटेल असं बोला, तेच शब्द वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा येऊ द्या, आणि त्यांना बोलायला लावू नका.

"मग ते बोलणार कधी?" बाईंनी विचारलं होतं.

"ऐकून ऐकून भरले की बोलतील."

"आणि नाही भरले तर?"

"तर तुम्ही अजून बोला," संचालिका हसून म्हणाल्या होत्या.

चहाच्या वेळी बाईंनी सगळ्यांसमोर याची यथेच्छ टर उडवली होती. आता पाट्या बदला आणि पाळणाघर काढा म्हणाल्या होत्या. परदेशी नोकरीला निघालेली घोड्यासारखी माणसं, त्यांना उंट आणि म्हातारी सांगायची! बाईंचा दरारा तक्त्यांवर उभा होता. 'पूर्ण वाक्यात' हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते स्वतः पूर्ण वाक्य नाही हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. विद्यार्थी तोंड उघडायच्या आधी मनात वाक्य रचायचे, ते तपासायचे, आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून जायची. बाई मग स्वतःच उत्तर देऊन टाकायच्या. त्यांना थांबणं जमायचं नाही. शांतता झाली की कुठेतरी काहीतरी सांडतंय असं त्यांना वाटत राहायचं.

वर्ग सुटल्यावर त्या फळा पुसत होत्या. दारात कुणीतरी रेंगाळलं. ड्रायव्हर होता. त्यानं टोपी हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली, आणि त्या परक्या भाषेत म्हणाला, "उद्या उंट?"

क्रियापद नाही, काही नाही. बाईंच्या जिभेच्या टोकावर जुनं वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "उद्या उंट."

तो खूश होऊन जिना उतरला, आणि बाईंना कितीतरी वेळ त्याच्या जड बुटांचा आवाज ऐकू येत राहिला.

बाईंचे वडील, अप्पा, एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. जन्मभर विंगेत उभे राहून त्यांनी दुसऱ्यांना शब्द पुरवले. गरीब बिचारे वगैरे मुळीच नव्हते. भयंकर अहंकारी होते. नटांना ते बोलकी लाकडं म्हणायचे आणि मी एक दिवस आजारी पडलो तर तुमचे राजे मुके होतील अशी धमकी द्यायचे. बाई लहानपणी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायच्या आणि विंगेत एका उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसायच्या. अप्पांचं बोट संहितेच्या ओळीवरून सरकत असायचं आणि नजर नटाच्या पायांवर. चेहऱ्याकडे ते बघायचेच नाहीत. चेहरा नटाचा, तो खोटं बोलणार, म्हणायचे. जो मुद्दाम थांबलाय त्याच्या टाचा जमिनीवर असतात. जो विसरलाय त्याच्या उचलल्या जातात, अगदी केसभर. टाच उचलली की अप्पांच्या ओठांतून शब्द जायचा, श्वासाहून थोडा जड, आणि तो दिल्यावर त्याच सुरात पुढे एक 'गाढवा' जायचा. तो त्यांचा मेहनताना होता. एकदा एका राजानं घाबरून दिलेलं सगळंच्या सगळं उचललं, आणि सेनापतीला भर दरबारात 'सैन्य कूच करू दे, गाढवा' असा हुकूम सोडला. प्रेक्षकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. सेनापतीनं बिचाऱ्यानं मुजरा केला. घरी येईपर्यंत अप्पा रस्त्यात थांबून थांबून हसत होते, आणि दुसऱ्या प्रयोगाला राजानं तोच हुकूम परत तसाच दिला, कारण हशा कुणाला नको असतो. बाईंनी शाळेत कविता म्हटली तेव्हाही पडद्यामागे अप्पा होते. तिसऱ्या कडव्याला बाईंच्या टाचा उचलल्या. शब्द आला, पाठोपाठ 'गधडे' आलं, आणि बाईंना एकदम घरात असल्यासारखं वाटून बाकीची कविता धडाधड आठवली.

आता अप्पांचा उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून गेल्यासारखा पडलेला असायचा. पक्षाघाताचा झटका आला त्या सकाळपासून शब्द गेले होते. ऐकलेलं कळत होतं. चहा गार असला की कप सरकवायचे, दिवा डोळ्यांवर आला की मान फिरवायचे. पण तोंडून काही नाही. आधी घशातून एखादा आवाज तरी यायचा. स्पीच थेरपीच्या बाई भल्या होत्या. त्यांनी चित्रांचे पत्ते दिले आणि सांगितलं की रोज थोडा वेळ, खेळीमेळीनं, त्यांनी कंटाळा केला की लगेच बंद. आमच्या बाईंनी त्यातलं पत्ते तेवढं ऐकलं. रोज संध्याकाळी वर्गावरून आल्या की हातपाय धुऊन त्या अप्पांचा वर्ग घ्यायच्या. हे काय? हे काय आहे, अप्पा? नीट बघा. काल सांगितलं होतं. पहिलं अक्षर देऊ? ज्या माणसानं आयुष्यभर पहिलं अक्षर दुसऱ्यांना दिलं, तो माणूस सफरचंदाच्या चित्राकडे बघता बघता डोळे मिटून घ्यायचा, आणि अलीकडे तर पत्ते दिसले की तोंडच खिडकीकडे फिरवायचा. घशातला आवाजही हळूहळू बंद झाला होता.

त्या संध्याकाळीही पत्ते निघाले. सवयीनं निघाले. बाईंनी किल्लीचं चित्र धरलं आणि तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ होता, दुसऱ्या शहरातला.

"काही बोलले का गं?"

"नाही रे."

"ताई, रागावू नकोस. पण आता हे मान्य करायला हवं. तू त्यांचे हाल करतेयस आणि स्वतःचेही. बोलणार नाहीत ते. आहेत तसे राहू देत सुखानं."

"आहेत तसे म्हणजे कसे?"

"म्हणजे... गप्प."

बाईंनी फोन ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. भाऊ वाईट बोलला नव्हता. दमलेल्या माणसाला बसायला खुर्ची द्यावी तसं बोलला होता. बसून टाकावं, असं क्षणभर बाईंनाही वाटलं. पाणी उकळायला लागलं आणि त्यांना पुन्हा ते हसू ऐकू आलं. ड्रायव्हरला आपण काय विचारलं होतं? काहीच नाही. त्याच्यासमोर नुसतं बोलत राहिलो होतो, उंट झालो होतो, म्हातारी झालो होतो, आणि तो आत भरत होता. आणि अप्पांशी? बाईंनी आठवून पाहिलं. झटका आल्यापासून आपण अप्पांशी एक वाक्य बोललेलो नाही. फक्त प्रश्न विचारले आहेत. आज बाजारात काय दिसलं, शेजारणीनं कुणाशी भांडण काढलं, संचालिका चालतात कशा, ज्याच्यासाठी अप्पा एरवी कान टवकारून बसायचे, त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. घरात एक परीक्षा चालू होती आणि ती संपतच नव्हती. चहा उतू गेला. त्यांनी ते पुसलं, बाहेर येऊन पत्ते गोळा केले आणि टेबलाच्या खणात टाकले. अप्पा खणाकडे बघत राहिले. खण पुन्हा उघडत नाही याची खात्री झाल्यावरच त्यांनी कप घेतला.

दुसऱ्या दिवशी उंटाला चपला घालायच्या होत्या आणि बाईंना सराव हवा होता. गोष्ट सांगणं हे तक्ता म्हणून घेण्याइतकं सोपं नाही हे त्यांना एव्हाना कळलं होतं. शब्द मोजके, पण जिवंत हवेत. हातवारे हवेत. एकच गोष्ट तीन तऱ्हेनं फिरवून आणायची आणि ती शिळी लागता कामा नये. आरसा अप्पांच्याच खोलीत होता. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि परक्या भाषेत सुरू झाल्या: हा उंट. हा जिना. उंटाला पुढचे पाय हवेत म्हणून त्यांनी अप्पांच्या खुर्चीखालच्या चपला उचलल्या आणि दोन्ही हातांत घातल्या. टप, टप. आरशात मागे अप्पा दिसत होते. त्यांचं तोंड खिडकीकडे नव्हतं.

बाई वळल्या नाहीत. वळलं तर हे उडून जाईल असं वाटलं. आरशातूनच त्या सांगत राहिल्या. अप्पांना या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. मुलगी ती शिकली तेव्हा, आमच्या कंपनीतल्या झुरळांचीही हीच भाषा का गं, असं विचारून त्यांनी तिला हैराण केलं होतं. पण आता ते बघत होते, आणि बघण्यात पत्त्यांसमोरची ती लाज नव्हती. आपल्या भाषेत अप्पांचं सगळं लुटलं गेलं होतं. रोजच्या कपाचं, बशीचं, पोटच्या मुलीचं नाव तिथे सापडत नव्हतं. या भाषेत त्यांचं काही हरवलेलंच नव्हतं. इथे ते ड्रायव्हरइतकेच कोरे होते, नर्सइतकेच नवे. बाईंनी हातातल्या चपला दाखवून तो शब्द म्हटला. परत म्हटला. उंट दुकानात जातो. दुकानदार विचारतो, एक जोड? बाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग चपला घातलेल्या हातांकडे. आरशात अप्पांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला.

तेव्हापासून रोजचा परिपाठ ठरला. वर्गात सांगायचं ते आदल्या संध्याकाळी अप्पांना सांगायचं. एरवी आपल्या भाषेत गप्पा, नुसत्या, उत्तराची वाट न बघता. मग चहा, मग उंट. वर्गातही गोष्ट वाढत होती, आणि ती आता एकट्या बाईंची राहिली नव्हती. उंटाच्या चपला लाल की निळ्या यावर दोन्ही स्वयंपाक्यांचं त्या भाषेत, मोडक्यातोडक्या का होईना, कडाक्याचं भांडण झालं. उंट दोन जोड घालून जिना चढला. टप नाही, काही नाही. बाईंनी विचारलं, आता म्हातारी झोपते का? सगळे म्हणाले, झोपते. गोष्ट तिथे संपली असती. पण शेवटच्या बाकावरून आवाज आला, "नाही."

सगळा वर्ग मागे वळला. भिंत सरळ बसली होती.

बाई थांबल्या. टाचा जमिनीवर ठेवून थांबल्या. शांतता सांडत राहिली आणि त्यांनी ती सांडू दिली.

"आवाज नाही," ड्रायव्हर म्हणाला. शब्द तो खिशातून सुटे काढावेत तसे काढत होता. "झोप नाही. बस... मी झोप... बस थांब, मी जागा." मग त्यानं हातांनी स्टिअरिंग धरलं, मान टाकली, घोरला, आणि इंजिन बंद झाल्यावर माणूस दचकून उठतो तसा दचकून उठला. वर्गाला कळलं. म्हातारीला उंटाची सवय झाली आहे. आता तिला शांततेनं झोप येत नाही. नर्सनं टाळ्या वाजवल्या. खिडकीतून बघणाऱ्या संचालिका पुढे निघून गेल्या, आणि बाईंनी त्यांची मनातल्या मनात पाळणाघराबद्दल माफी मागून टाकली.

घरी येऊन हे सगळं त्यांनी अप्पांना सांगितलं, ड्रायव्हरचं घोरणं नकलेसकट. आणि मग त्यांना मोह झाला. माणूस एका दिवसात सुधारत नाही. गोष्ट सांगता सांगता त्या मुद्दाम थांबल्या. म्हातारी दार वाजवते आणि उंटाला म्हणते... बाईंनी विसरल्यासारखा चेहरा केला, कपाळाला हात लावला, छताकडे पाहिलं. अप्पांनी त्यांच्या चेहऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर सावकाश खाली उतरली, बाईंच्या पायांवर क्षणभर थांबली, आणि मग त्यांनी इतक्या तुच्छतेनं तोंड फिरवलं की तसं ते फक्त वाईट नटांसाठी फिरवायचे. बाई चिडल्या, मग खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ज्याला फसवता आलं नाही तो माणूस अजून आत शाबूत होता. भावाला फोन करून हे सांगावं असं त्यांना वाटलं, पण काय सांगणार? अप्पांनी माझ्या टाचा पाहिल्या? त्यांनी फोन केला नाही. पुन्हा परीक्षा घेणार नाही, एवढं मात्र त्यांनी स्वतःला बजावलं.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही, आणि बाईंना त्याचं नवल वाटेनासं झालं. त्या सांगत राहिल्या. ड्रायव्हर परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीला बसला आणि तिथे त्याला घरचं विचारलं तेव्हा त्यानं घाबरून उंटाचंच सांगितलं, आणि मुलाखत घेणारे एवढे हसले की पुढचं सगळं सोपं झालं. तो पेढे वाटावेत तशी ही बातमी वर्गात प्रत्येकाला वेगळी वेगळी सांगत होता, त्याच भाषेत. ती बातमी घेऊन बाई घरी आल्या तेव्हा अजून उजेड होता. नवा वर्ग सुरू व्हायचा होता, त्याला उंट पहिल्यापासून सांगायचा होता, म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. चौथा मजला. लिफ्ट. जिना. आता आरसा लागत नव्हता, त्या अप्पांसमोरच उभ्या होत्या. उंट दुकानात गेला, दोन जोड घेऊन आला. म्हातारी रात्रभर तळमळली. सकाळी ती जिना चढून वर गेली, तिनं दार वाजवलं, उंटाच्या पायांकडे बोट दाखवलं. आणि बाईंचं लक्ष अप्पांच्या डाव्या हाताकडे गेलं.

अप्पांचं बोट खुर्चीच्या हातावर सरकत होतं. डावीकडून उजवीकडे, मग परत डावीकडे, थोडं खाली. ओळीवरून. बाईंच्या प्रत्येक वाक्याबरोबर एक ओळ. किती दिवसांपासून ते असं सरकत होतं कुणास ठाऊक. उलट्या पेटीवर बसलेल्या मुलीनं पाहिलेलं ते बोट होतं, आता कातडी सैल पडलेली, बाकी तेच. बाईंची नजर त्या बोटावरून हलेना. म्हातारी उंटाला म्हणते, काढ त्या... काढ त्या... शब्द नव्हता. शेकडो वेळा म्हटलेला, हातात घालून दाखवलेला तो साधा शब्द समोरून कुणीतरी उचलून नेला होता. त्या शोधत होत्या आणि खरंच सापडत नव्हता. बोट एका जागी थांबलं. अप्पांची नजर खाली गेली, बाईंच्या पायांवर, आणि तिथेच राहिली.

मग त्यांचे ओठ हलले. शब्द आला, श्वासाहून थोडा जड. त्या परक्या भाषेत, घासून बोथट झालेला, पण त्यातलं एक अक्षरही न चुकलेला.

"चपला."

बाई हलल्या नाहीत. अप्पांनी वाट पाहिली. दिलेला शब्द नटानं उचलला नाही की त्यांच्या कपाळावर पडायची ती आठी पडली. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि या वेळी आपल्या भाषेत, त्याच सुरात, पुढचंही दिलं.

"गधडे."